घरचा उजेड, उसना काळोख

दिवाळी आली की फराळाचे ताट आधी छायाचित्राला बसते आणि मग पाहुण्यांपुढे जाते. मुलाचा हात चकलीकडे वळला की "थांब, फोटो होऊ दे" अशी दटावणी कानावर येते, आणि ती आता फराळाच्या रीतिरिवाजातच जमा झाली आहे. यात तक्रार करण्याजोगे काही नाही. रोजच्या वस्तूकडे घटकाभर थांबून पाहावेसे माणसाला वाटले, तर ते कोणत्याही निमित्ताने का होईना, चांगलेच. प्रश्न आहे तो त्यापुढचा. अशा छायाचित्राला मिळणारी सर्वांत मोठी शाबासकी म्हणजे "अगदी चित्रासारखा आलाय हो!" आणि ही शाबासकी ठरवून मिळवण्याची एक रीत अलीकडे पडून गेली आहे. मागे काळे कापड लावायचे, एका बाजूने मंद उजेड सोडायचा, टेबलावर द्राक्षांचा घोस, काचेचा एखादा उंच पेला आणि अर्धवट सोललेले फळ मांडायचे, आणि सगळ्यावर जुन्या तैलचित्राची तपकिरी छटा चढवायची. घरातल्या घरात, घरच्याच दिव्याखाली काढलेली ही स्थिरचित्रे पाहताना पहिल्या नजरेला वाहवा निघते. दुसऱ्या नजरेला मात्र एक शंका येते. हे घर कोणाचे?

त्या शंकेचा पाठपुरावा करावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. छायाचित्राने चित्रासारखे असावे की नसावे हा वाद फार जुना आणि बराचसा निष्फळ आहे. पण चित्राकडून नेमके काय घ्यावे, हा प्रश्न मात्र आजच्या घरोघरच्या कलावंताला विचारण्यासारखा आहे.

स्थिरचित्र हा प्रकार मराठी माणसाला परका नाही, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. शासकीय रेखाकला परीक्षांमुळे तो आपल्या खेडोपाडीच्या शाळांतून पोचला आहे. एलिमेंटरीला वस्तुचित्र आणि इंटरमिजिएटला स्थिरचित्र, हे शब्द कितीतरी घरांत आईबापांनाही ठाऊक असतात. स्टुलावर सुरकुत्या पाडून टाकलेले एक कापड, त्यावर तांब्या किंवा बादली, शेजारी दोन फळे, आणि भोवती माना वाकड्या करून बसलेली मुले, हे दृश्य आपण सगळ्यांनीच पाहिले आहे. या परीक्षेने महाराष्ट्राला एक मोठी गोष्ट शिकवली. तांब्याच्या पोटावर उजेड कोठे सर्वांत प्रखर आहे, तो कोठे ओसरतो, आणि काळोखी बाजूलाही जमिनीवरून परतलेल्या उजेडाची एक बारीक कड कशी असते, हे पाहायला तिने लावले. मुंबईचे सर जे. जे. कलाविद्यालय १८५७ साली सुरू झाले, तेव्हापासून हे पाश्चात्य पाहणे आपल्याकडे शिकवले जात आहे.

आणि तरीही आपल्या घरच्या भिंतीवर कोणी स्थिरचित्र लावत नाही. देवादिकांची चित्रे असतात, डोंगर-नदीची असतात, वाडवडिलांची छायाचित्रे असतात. तांब्या आणि दोन पेरू यांचे चित्र भिंतीवर दिसत नाही. ते परीक्षेच्या कागदावरच राहते आणि निकालानंतर माळ्यावर जाते. याचे कारण मला असे दिसते की, परीक्षेतल्या त्या तांब्यामागे घर नसते. तो कोणाचा, त्यातून कोण पाणी पिते, तो स्टुलावर का चढला, याचे उत्तर चित्राला द्यावे लागत नाही. मुलांच्या हाती पेन्सिलीऐवजी फोन आला तेव्हा त्यांनी मांडणीची ही बेघर रीत तशीच पुढे नेली. तांब्या जाऊन पेला आला, इतकाच फरक.

छायाचित्रकलेचा जन्मच मुळी स्थिरचित्रातून झाला आहे. पॅरिसच्या दागेरने आपली विद्या १८३९ साली जगाला दाखवली. पण त्याआधी दोन वर्षे, १८३७ साली, त्याने आपल्या खोलीतल्या कोपऱ्याचे एक चित्र ताटलीवर उतरवले होते. त्यात प्लॅस्टरच्या मूर्ती आहेत, वेताच्या विणीत बसवलेली बाटली आहे. कारण उघड आहे. त्या काळी चित्र उमटायला मिनिटेच्या मिनिटे लागत, आणि इतका वेळ न हलता बसण्याचे सौजन्य फक्त निर्जीव वस्तूच दाखवतात! इंग्लंडच्या टॅल्बटने १८४४ ते १८४६ या काळात 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे पुस्तक भागाभागांनी काढले. त्यात चिनी मातीच्या भांड्यांचे, काचेच्या पेल्यांचे, फळांच्या टोपल्यांचे चित्र आहे. आणि उघड्या दाराशी टेकवून ठेवलेल्या एका खराट्याचेही आहे. असला साधा विषय का निवडला याचे समर्थन करताना टॅल्बटने डच चित्रकारांचा दाखला दिला आहे. म्हणजे कॅमेऱ्याने चित्राकडे पाहून शिकणे हे आजकालचे खूळ नव्हे. मुंबईतही १८५४ सालीच छायाचित्रकारांची संस्था निघाली होती आणि डॉ. भाऊ दाजींसारखे विद्वान तिच्यात होते.

तेव्हा प्रश्न असा की, टॅल्बटने डचांकडून काय घेतले आणि आपण काय घेत आहोत?

टॅल्बटने त्यांच्याकडून धीर घेतला. दारातला खराटाही चित्राचा विषय होऊ शकतो, हा तो धीर. खराटा होता तो इंग्लंडमधल्या त्याच्या स्वतःच्या घरच्या दाराशी. त्याने हॉलंडचा पेला आणून मांडला नाही. आपण मात्र नेमका पेलाच उचलला आहे.

सतराव्या शतकातल्या हार्लेमच्या हेडाची किंवा ॲम्स्टरडॅमच्या विलेम काल्फची चित्रे आठवून पाहावीत. काळसर पार्श्वभूमी, चांदीचे तबक, चिनी वाडगा, आणि टेबलाच्या कडेवरून खाली लोंबणारी लिंबाची पिवळी साल. आज जगभर छायाचित्रकार ज्याची नक्कल करतात तो हा नमुना. पण ते लिंबू तेथे का आले? ते थंड हॉलंडमध्ये पिकत नव्हते. दक्षिणेकडच्या उबदार देशांतून ते जहाजाने येई. चिनी वाडगा आशियाच्या व्यापारातून येई; त्या व्यापारासाठी १६०२ साली स्थापन झालेली डच कंपनी आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत आहेच. म्हणजे काल्फच्या टेबलावर त्याच्या शहराचा सगळा मगदूर मांडलेला आहे. तेथली ऐट खरी आहे. आणि अर्धवट सोललेल्या लिंबाने, कलंडलेल्या पेल्याने हेही सुचवलेले आहे की ही ऐट फार काळ टिकणारी नव्हे. ते लिंबू त्या घरचे आहे, त्या घरच्या अभिमानाचे आहे आणि त्या घरच्या भीतीचेही आहे.

आता हेच लिंबू आमच्या काष्टीत आणून पाहू. काष्टी श्रीगोंदे तालुक्यात, आणि हा तालुका लिंबांच्या बागांसाठी प्रसिद्ध. येथे लिंबू ही दूरदेशची अपूर्वाई नाही. ते पाट्यांनी ओतले जाते, गोण्यांत भरले जाते, आणि भाव पडला तर बांधावर टाकलेही जाते. शिवाय हे कागदी लिंबू. साल कागदासारखी पातळ, म्हणूनच हे नाव. काल्फच्या लिंबासारखी जाड सालीची लांबलचक वेटोळी त्याच्यापासून निघत नाहीत. काढू गेले तर तुकडे पडतात आणि बोटे झोंबतात. ज्या तालुक्यात लिंबांच्या बागा आहेत, त्या तालुक्यातल्या घरात शहरातून जाड सालीचे परदेशी लिंबू मुद्दाम आणून त्याचे वेटोळे काढावे आणि ते काळ्या कापडापुढे लोंबत ठेवावे, ही गोष्ट मला केवळ हास्यास्पद वाटत नाही; ती दुःखदही वाटते. कारण त्यात एक कबुली आहे. आपल्या बागेतले फळ चित्रात बसण्याच्या लायकीचे नाही, ही ती कबुली.

काळोखाचेही तसेच. स्पेनमध्ये टोलेदो गावी सांचेझ कोतान नावाचा चित्रकार होता. १६०२ च्या सुमारास त्याने काढलेल्या एका चित्रात दगडी चौकटीत दोरीने टांगलेले एक फळ आणि एक कोबी आहे, खाली कापलेले खरबूज आणि काकडी आहे, आणि चौकटीमागे गडद काळोख आहे. पुढल्याच वर्षी हा गृहस्थ मठात दाखल झाला. त्याच्या चित्रातला काळोख अंगावर येतो, पण तो खोटा वाटत नाही. ती चौकट धान्य-भाजी ठेवण्याच्या थंड कोठाराची आहे आणि कोठारात अंधार असतोच. फळे टांगलेली आहेत ती टिकावीत म्हणून. काळोखाला कारण आहे. आपल्याकडच्या जुन्या माळवदी घरांतल्या कोनाड्याची येथे आठवण झाल्याशिवाय राहत नाही. जाड भिंतीत खोल गेलेला, वर दिव्याच्या काजळीचा डाग असलेला तो कोनाडा म्हणजे आपली तयार चौकटच. त्यात ठेवलेली तेलाची बुधली आणि आगपेटी छताच्या झरोक्यातून उतरणाऱ्या उजेडात जशी दिसते, तशी ती हजार रुपयांच्या काळ्या मखमलीपुढे दिसणार नाही. मखमलीपुढचा काळोख उसना असतो. तो कोठूनही आणता येतो, म्हणूनच तो कोठलाच नसतो.

येथे कोणी म्हणेल, "कोनाडे आणि झरोके राहिलेत कोठे? आता स्लॅबची घरे आणि पांढऱ्या भिंती. काळोख उसना नाही आणायचा तर आणायचा कोठून?" ही अडचण खरी आहे. पण तिचे उत्तर उजेडाच्या साध्या नियमातच आहे. लहानशा दिव्यापासून वस्तू दुप्पट लांब नेली की तिच्यावरचा उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो; तिप्पट नेली की नववा हिस्सा उरतो. दिवा भांड्यापासून दोन फुटांवर ठेवावा आणि मागची भिंत दिव्यापासून सहा फूट दूर असावी. मग भांड्यावर जेवढा उजेड पडेल त्याच्या नवव्या हिश्शाएवढाच भिंतीवर पोचेल, आणि चुन्याची पांढरी भिंतसुद्धा आपोआप काळवंडेल. हा काळोख घरचा. कारण त्यात नीट पाहिले तर भिंतीचा पोपडा, खुंटी, दिनदर्शिकेची कड अंधूक दिसत राहते. वस्तू आपल्या घरात आहे हे तो काळोखच सांगतो. काळे कापड नेमके हेच सांगू देत नाही.

दुसरी गोष्ट उजेडाच्या मऊपणाची. उगम लहान असला की सावलीची कड सुरीसारखी पडते. उगम मोठा असला की सावली हळूहळू विरते. जुन्या चित्रांत जी मऊ सावली आपल्याला भुरळ घालते ती मोठ्या खिडकीची करणी आहे. आपल्या उत्तरेकडच्या खिडकीवर जुन्या धोतराचे पान किंवा मलमलीचा तुकडा ताणून बांधला की तीच सावली मिळते. रात्री बल्बसमोर तोच तुकडा थोड्या अंतरावर धरला तरी काम होते. काळोख्या बाजूला फारच अंधार वाटला तर वहीचा कोरा कागद उभा करावा. त्याच्यावरून परतलेला उजेड पुरतो. मात्र खोलीतले बाकीचे सगळे दिवे मालवले पाहिजेत. बल्बचा उजेड पिवळा, नळीचा निळसर, आणि संध्याकाळच्या खिडकीचा आणखी वेगळा. या तिघांची खिचडी झाली की पितळेचे भांडे एका अंगाने तापलेले आणि दुसऱ्या अंगाने आजारी दिसू लागते. फोन हातात न धरता डब्याला टेकवून ठेवावा, टिपण्यासाठी तीन सेकंदांची मुदत लावावी, आणि पडद्यावर बोट दाबून उजेड थोडा उतरवावा. फोन स्वभावतः सगळेच उजळ करू पाहतो. त्याला आवरावे लागते. पण त्याहून अधिक यंत्रविद्या या कामाला लागत नाही. लागते ते निवडणे.

निवडीचा खरा कस लागतो तो स्टीलच्या भांड्यापाशी. तांब्या-पितळेला चित्रांतून प्रतिष्ठा मिळाली आहे, मातीच्या मडक्यालाही मिळाली आहे. पण आज मराठी घर चालते ते स्टीलवर. आणि या उसन्या काळोखाच्या छायाचित्रांतून स्टील जवळजवळ हद्दपार आहे. कारण विचारले तर सांगतात, "त्यात सगळी खोली दिसते हो." अहो, तेच तर त्याचे मोल! अँटवर्पच्या क्लारा पीटर्स या चित्रकर्तीने सतराव्या शतकाच्या आरंभी सोनेरी पेल्याच्या फुगवट्यांवर आपला स्वतःचा चेहरा पुन्हापुन्हा इवलासा रंगवून ठेवला आहे. डच पेल्यांच्या काचेतही चित्रकाराच्या खोलीची खिडकी हमखास चमकताना दिसते. ती खिडकी त्या चित्राची सही आहे. आपल्या स्टीलच्या तांब्याच्या पोटावर खिडकीचे गज वाकून उमटतात, दोरीवरचे वाळत घातलेले लुगडे उमटते, आणि फोन धरून बसलेले माणूसही उमटते. हे टाळण्यासाठी धडपडणाऱ्याने डचांची भांडी पाहिली, पण त्यांचे पाहणे पाहिले नाही, असेच म्हणावे लागेल.

घरच्या उजेडाविषयी बोलताना एका मराठी चित्रकाराचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगातले चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हाती दिवा घेतलेली, दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा करणारी स्त्री, हे दृश्य अनेकांनी कोठे ना कोठे छापलेले पाहिले असेल. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्यांचे समजतात. पण रविवर्मा १९०६ सालीच निवर्तले, आणि हे चित्र १९४५–४६ च्या सुमाराचे. त्यासाठी चित्रकाराची मुलगी गीता हीच समोर उभी राहिली होती. हे स्थिरचित्र नव्हे, हे कबूल. पण दिव्याच्या उजेडाचा याहून मोठा धडा आपल्याकडे नाही. आडोशाच्या बोटांतून उजेड आरपार येतो आहे, चेहरा खालून उजळला आहे, आणि मागची सावली त्याच दिव्याची आहे. सगळ्या चित्राचा हिशेब त्या एका ज्योतीशी जुळतो. चित्राबाहेरून एक कणही उजेड उसना घेतलेला दिसत नाही. आणि जलरंगात चूक पुसण्याची सोय फारशी नसते, हे ज्यांनी हाती ब्रश धरला आहे त्यांना सांगायला नको.

याच्या शेजारी आजचे एखादे दिवाळीचे छायाचित्र ठेवून पाहावे. पणती पेटलेली आहे, पण तिच्याभोवतीची फुले आणि करंज्या उजळल्या आहेत त्या भलत्याच बाजूच्या बल्बने. पणतीची स्वतःचीच सावली तिच्या ज्योतीला खोटे पाडते. चित्रासारखे करण्याच्या नादात चित्राचा पहिला कायदाच मोडला गेला. पणती लावायची तर तिचेच ऐकले पाहिजे. तिच्या उजेडात दोन करंज्या दिसतील, चार दिसणार नाहीत. तर दोनच दिसू द्याव्यात.

छायाचित्रकारांनीही हा नादिष्टपणा पूर्वी करून पाहिलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी छायाचित्रे धूसर करण्याची, त्यांना ब्रशाच्या फटकाऱ्यांचे रूप देण्याची मोठी लाट आली होती. अमेरिकेचा एडवर्ड वेस्टन आरंभी त्याच वाटेने गेला आणि मग त्याने ती वाट सोडली. १९३० साली त्याने एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात उभी केली आणि तिचे चित्र घेतले. नरसाळ्याच्या वळणदार पत्र्याने उजेड चहूबाजूंनी परतवला, आणि मिरचीला मल्लाच्या पाठीसारखे रूप आले. ब्रशाचा फटकारा नाही, तपकिरी छटा नाही. मिरचीची कातडी कातडीच राहिली आहे. तरीही ते चित्र एखाद्या मोठ्या शिल्पासारखे मनात भरते. अशा कामातल्या मिरच्या वेस्टन नंतर खाऊन टाकी, आणि त्याबद्दल लोक त्याची थट्टा करीत, असे त्याच्या रोजनिशीत आले आहे. गृहिणींना हा कलावंत आवडावा!

प्रागच्या योसेफ सुदेकची कहाणी अधिक गंभीर. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. पुढे शहर जर्मनांच्या ताब्यात गेले, बाहेर कॅमेरा घेऊन हिंडणे अवघड झाले. सुदेक आपल्या झोपडीवजा खोलीच्या खिडकीशी बसला आणि १९४० पासून पुढे अनेक वर्षे त्या एका खिडकीची चित्रे घेत राहिला. तिच्या कट्ट्यावर कधी पाण्याचा पेला, कधी अंडे, कधी पावाचा तुकडा. काचेवर वाफ धरलेली. या चित्रांना चित्रासारखी म्हणावे की नाही, हा प्रश्नच त्यांच्यासमोर सुचत नाही. त्या पेल्यातले पाणी त्या खोलीतल्या माणसाचे आहे, एवढे पुरते.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे. वस्तू मांडणे, दिवा हलवणे, हे सगळे कृत्रिमच नव्हे का? मग काळे कापड तेवढे खोटे आणि धोतराचे पान तेवढे खरे, हा न्याय कोणता? याचे उत्तर पॅरिसच्या शार्दँकडे (१६९९–१७७९) आहे. त्याने स्वयंपाकघरातली तांब्याची पाण्याची टाकी रंगवली; आपल्या घंगाळा-बंबाच्या जातीतली, तिवईवर बसवलेली, शेजारी बादली. लूव्ह्र संग्रहालयात ती आहे. त्याने ती नीट जागेवर ठेवली असेल, बादली इकडची तिकडे केली असेल. मांडणी केल्यावाचून चित्र होत नाही. पण त्या टाकीला त्याने राजवाड्यातले सोंग दिले नाही. मांडणी वस्तूला बोलते करण्यासाठी असते. सोंग तिला गप्प करून तिच्या तोंडी दुसऱ्याचे बोलणे घालते. धोतराच्या पानाने तांब्यावरचा पोचा दिसू लागतो, काळ्या कापडाने आणि तपकिरी छटेने तो लपतो. फरक आहे तो इतकाच, आणि तो पुरेसा आहे.

पोच्यावरून आठवले. छायाचित्र घेण्यापूर्वी तांब्या चिंचेने घासून लखलखीत करावा की नाही, यावर घरोघर मतभेद होतात. माझे मत असे की, सणाचा तांब्या सणासारखा घासावा आणि रोजचा रोजच्यासारखा ठेवावा. आतल्या बाजूला बसलेला क्षाराचा पांढरा थर ही आमच्या विहिरीच्या पाण्याची ओळख आहे. काठाचा पोचा कोणाच्या हातून पडून आला हे घरातल्या म्हातारीला ठाऊक असते. तो घासून जात नाही, आणि जाऊही नये.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. दोन फोटो इकडचे तिकडे झाले तर बिघडते काय? बिघडते ते असे. आपल्या घरांतून वस्तू झपाट्याने जात आहेत. हंडे-कळश्या मोडीत जातात, जाते अंगणात पालथे पडते, माळवद उतरवून स्लॅब येतो. त्याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. जड हंडे ज्यांनी डोक्यावरून वाहिले त्या बायकांना नळ आल्याचे सुख विचारावे. पण वस्तू जाताना तिचे एक खरे चित्र मागे राहावे, ही अपेक्षा जास्त नाही. आणि असे चित्र काढण्याचे साधन इतक्या घरांत पूर्वी कधीच नव्हते. आमच्या काष्टीच्या शनिवारच्या जनावरांच्या बाजारात घुंगरमाळा, कासरे, म्होरक्या, वेसणी टांगलेल्या असतात. त्यांतली एखादी घुंगरमाळ पुष्कळ घरांत अजून खुंटीला आहे, तिच्या बैलामागे उरलेली. तिचे चित्र या गावातल्या माणसाखेरीज कोण काढणार? काल्फला ती ठाऊक नव्हती. आणि आपण जर द्राक्षे आणि पेले मांडत बसलो, तर पन्नास वर्षांनी या घरची नातवंडे ती छायाचित्रे पाहून म्हणतील, आमचे आजी-आजोबा हॉलंडात राहत होते काय?

तेव्हा यंदाच्या सुटीत एक प्रयोग करून पाहायला हरकत नाही. घरातली एकच वस्तू निवडावी, जिच्याविषयी घरात कोणाला तरी काही सांगायचे आहे अशी. तिला तिच्याच जागी, नाहीतर जागेजवळ ठेवावे. एक दिवा घ्यावा आणि तो हळूहळू फिरवीत, वस्तू कोठून ओळखीची दिसते ते पाहावे. ही घटकाच खरी मौजेची. मग एकदाच टिपावे. बाकीचे दिवे मालवावे लागतील, म्हणून एक सूचना. हे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी करू नये. त्या रात्री घरातला दिवा मालवलेला वडीलधाऱ्यांना खपणार नाही, आणि ते त्यांचे म्हणणे अगदी रास्त आहे. भाऊबीज होऊ द्यावी, पाहुणे आपापल्या गावी जाऊ द्यावेत, आणि मग निवांत रात्री डब्याच्या तळाशी उरलेल्या दोन करंज्यांपासून आरंभ करावा. चित्र झाल्यावर त्या खाऊन टाकाव्यात.